नळी रिकामी आहे का?

आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. या दिवशी घरातली शस्त्रे आणि अवजारे बाहेर काढून, घासूनपुसून, तेलाचा हात देऊन पूजेला मांडतात. महाड-पोलादपूरकडच्या घरांत आज तलवारीपेक्षा कोयता, विळा, कुऱ्हाड आणि पहार यांनाच हा मान मिळतो. ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, ते तीही बाहेर काढतात. हा दिवस नेमका पावसाळा सरता सरता येतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवे. सावित्री आणि गांधारी नद्यांच्या या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा पाण्याने जड असते. चार महिने कोपऱ्यात पडलेल्या लोखंडाचे काय होते, ते विळ्याच्या पात्याकडे पाहिले की कळते.

विळा घासणे सोपे आहे. बंदूक किंवा पिस्तूल साफ करणे मात्र तसे सोपे नाही, याची दोन कारणे आहेत. एक तर त्याला आतून गंज चढतो आणि तिथे हात पोचत नाही, म्हणून ते उघडावे लागते. दुसरे म्हणजे ते उघडत असताना त्यात बार भरलेला असू शकतो. पहिले कारण रसायनशास्त्राचे आहे, दुसरे यंत्ररचनेचे. गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत ही दोन्ही कारणे कशी बदलत गेली आणि त्यांतून हत्यार उघडण्याचे आजचे नियम कसे तयार झाले, ते या लेखात पाहू.

आठ-पंधरा दिवसांचे वेळापत्रक

महाडपासून सुमारे २५ किलोमीटरवर रायगड आहे. गडावर दारूच्या कोठारांचे अवशेष आजही दाखवतात. अशा डोंगरी गडावर पावसाळ्यात ढग अक्षरशः घरात शिरतात. तिथे दारू कोरडी ठेवणे हे शत्रूला तोंड देण्याइतकेच अवघड काम होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ग्रंथ) या कामाविषयी स्पष्ट सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. दारूला आणि बाणांना ओल लागू देऊ नये. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन त्या वस्तू बाहेर काढाव्यात, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवाव्यात. देखभालीसाठी ठरावीक मुदत, जबाबदार माणूस आणि काम झाल्याची खूण या तिन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत. आज कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीचा तक्ता भिंतीवर लावतात, त्यातही याहून वेगळे फारसे काही नसते.

दारूला पाण्याचे इतके भय का? बंदुकीची काळी दारू हे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. पुढे रूढ झालेल्या प्रमाणात यांचा वाटा अनुक्रमे ७५, १५ आणि १० टक्के असतो. सोरा पाण्यात विरघळतो. ओल लागली की तो विरघळून मिश्रणातून वेगळा होतो आणि वाळला की त्याचे खडे बनतात. मग दारू पेट घेत नाही किंवा नुसती फुसफुसते.

दारू उडाल्यानंतरही पाणी पिच्छा सोडत नाही. काळ्या दारूचा स्फोट झाला की तिचा निम्म्याहून थोडा कमी भाग वायुरूप होतो. उरलेला निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपात मागे राहतो. दाट पांढरा धूर म्हणजे याच घन पदार्थांचे बारीक कण. त्यांतले काही नळीत चिकटतात. हा मळ मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि पोटॅशियम सल्फाइड यांचा असतो. पोटॅशियम कार्बोनेट हवेतली वाफ शोषून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असली तरी ते ओले होऊ लागते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता नव्वदीत असते, म्हणजे मळलेली नळी रात्रभरात आतून ओली होते. लोखंड, पाणी, हवा आणि क्षार एकत्र आले की गंज ठरलेलाच.

या मळाचे पदार्थ पाण्यात विरघळतात. म्हणून जुन्या बंदूकधाऱ्यांची रीत सोपी होती. गजाला चिंधी गुंडाळायची, नळीत पाणी ओतून ती वरखाली करायची, कान्यातून काळे पाणी बाहेर पडू द्यायचे, नळी कोरडी करायची आणि मग तेल लावायचे. सडक्या अंड्यासारखा वास येई, तो सल्फाइडमुळे. पाण्याने धुणे आणि नंतर तेल लावणे हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो एकदा विसरला गेला आणि त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

धोका दिसत होता तोवर

शिवकाळातली बंदूक तोडेदार होती. सोऱ्याच्या पाण्यात मुरवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा, जळत ठेवायचा. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक कान्याजवळच्या दारूवर टेकायचे आणि बार उडायचा. सुरक्षिततेच्या दृष्टीने या बंदुकीचा एक गुण होता. विस्तवाचा उगम उघड्यावर होता. रात्री तो निखारा दुरून दिसे. तोडा काढून बाजूला ठेवला की बंदूक भरलेली असली तरी सहजासहजी उडत नसे. म्हणजे साफसफाईआधीचा पहिला नियम डोळ्यांनाच कळत होता: तोडा दूर करा.

पुढे चकमकीची बंदूक आली. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडे. जळता तोडा गेला, पण विस्तवाची जागा आता ताणलेल्या कमानीने घेतली. घोडा मागे ओढलेला असेल तर बंदूक उडायला तयार, पुढे असेल तर नाही. धोका अजून दिसत होता, पण तो ओळखायला माहिती लागत होती.

मे १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेने तोफा डागून रायगड घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातांत याच पिढ्यांची हत्यारे होती. त्याआधी ११ वर्षे, १८०७ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फॉर्सिथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले होते. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला आजही जी टोपी लावतात, ती हीच. टोपी काढली की बंदूक शांत. पण आत बार आहे की नाही, हे बाहेरून कसे ओळखायचे?

त्याला एक सुरेख उपाय होता. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा. खूण तोंडाशी जुळवल्यावर गजाचे टोक नळीच्या बंद टोकापर्यंत पोचले तर नळी रिकामी. बोटभर अलीकडे राहिले तर आत काहीतरी आहे. मोजमापाचा इतका नेमका उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

हे मोजणे राहून गेले तर काय होते, त्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन यादवी युद्धातले आहे. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७,५०० बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. त्यांतल्याही निम्म्यांत एकापेक्षा अधिक बार ठासलेले होते. गोंधळात शिपायांनी न उडालेल्या बारावर दुसरा बार भरला होता. ज्याच्या हातात बंदूक होती, त्यालाच ती भरलेली आहे की नाही हे ठाऊक नव्हते.

उघडायला मनाई ते उघडायची सक्ती

त्या काळी शिपायाला बंदूक साफ करायला सांगत, पण तिचा चाप आणि कमानी उघडायला परवानगी नसे. कारण साधे होते. प्रत्येक बंदुकीचे भाग कारागिराने कानशीने घासून एकमेकांत बसवलेले असत. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसत नसे. दहा शिपायांनी दहा बंदुका एकत्र उघडल्या तर पुन्हा जोडताना घोटाळा अटळ.

ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ या कारागिराने केला. १७८५ मध्ये थॉमस जेफर्सन पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील होते. ब्लाँने पन्नास चापांचे सुटे भाग वेगवेगळ्या ढिगांत ठेवले होते. जेफर्सननी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जोडले आणि ते बिनचूक बसले. ही हकिकत त्यांनी पत्राने मायदेशी कळवली. पुढे अमेरिकेतल्या सरकारी शस्त्रशाळांनी साचे, मापके आणि यंत्रे वापरून ही पद्धत पक्की केली. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एन्फिल्डच्या कारखान्याने तीच यंत्रे अमेरिकेतून आणवली. शिवणयंत्र, सायकल आणि मोटार यांच्या उत्पादनाची वाटही इथूनच जाते. आज महाडच्या बाजारात मोटारसायकलचा सुटा भाग विकत घेऊन आपण तो निर्धास्तपणे बसवतो, त्यामागे हीच कल्पना आहे.

भाग एकसारखे झाले, तसे हत्यार उघडणे हे कारागिराचे काम न राहता शिपायाचे रोजचे काम झाले. विसाव्या शतकातल्या .३०३ ली-एन्फिल्ड रायफलच्या दस्त्यात तेलाची पितळी बाटली आणि पुल-थ्रू, म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी, ठेवायला खास जागा केलेली होती. बोल्ट बाहेर काढायचा, दोरीचे वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचे आणि चिंधी ओढून घ्यायची. एन.सी.सी.मध्ये शिकलेल्या अनेक वाचकांनी ‘खोलना-जोडना’चा हा तास अनुभवला असेल.

महाड तालुक्यात एका गावाचे नावच फौजी आंबवडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या या गावाने आपले नाव तसे कमावले. अस्पृश्यताविरोधी चळवळीतले आद्य कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकर याच तालुक्यातल्या रावढूळचे, आणि तेही सैन्यातून निवृत्त झालेले. या मुलखातली माणसे पलटणीत गेली आणि हत्यार निगुतीने ठेवण्याची शिस्त तिथे शिकली. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुत येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अशा वेढ्यात अडकल्या होत्या. तिथे निम्मी लढाई धुळीशी होती. कोकणात तेलाचा हात सढळ असलेला बरा, पण वाळवंटात त्याच तेलाला धूळ चिकटते आणि भाग अडतात. तेल किती लावायचे, याचे उत्तर त्या प्रदेशाच्या हवामानावर अवलंबून असते.

तेलाखालचा गंज

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिये यांनी बिनधुराची दारू बनवली. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्डाइट आले. ही दारू जळून जवळजवळ पूर्णपणे वायू होते. नळीत काळा मळ फारसा राहत नाही. सर्वांना वाटले, आता पाण्याने धुण्याची कटकट गेली. तेलाची चिंधी फिरवली की झाले.

पण नळ्या गंजतच राहिल्या. त्या वरून स्वच्छ दिसत आणि दोन दिवसांनी तेलाच्या थराखाली तांबूस डाग उमटत. तज्ज्ञांनी नव्या दारूला दोष दिला. तिच्यातून नायट्रोजनची आम्ले तयार होत असावीत असे मानून वेगवेगळे अल्कलीयुक्त द्राव सुचवले गेले. काही द्राव उपयोगी पडत, काही नाही. का, ते कळत नव्हते.

उत्तर १९२२ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधले विल्बर्ट हफ यांनी दाखवून दिले की दोषी दारू नसून काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी आहे. तिच्यातल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट होते. स्फोटात त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि पोटॅशियम क्लोराइड उरते. गुणधर्मांनी ते आपल्या मिठाचे सख्खे भावंड. त्याचा अत्यंत पातळ थर नळीत बसतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास पोचली की तो ओला होतो आणि लोखंड खाऊ लागतो. कोरड्या हवेत ठेवलेल्या नळ्या गंजत नव्हत्या आणि दमट हवेत गंजत होत्या, त्याचाही उलगडा झाला.

हे क्षार तेलात विरघळत नाहीत. तेल त्यांच्यावर नुसते पांघरूण घालते. उपयोगी ठरलेल्या द्रावांत खरे काम आम्ल मारणारे रसायन करत नव्हते, तर त्यातले पाणी करत होते! म्हणूनच .३०३ वापरणाऱ्या पलटणींत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम. शिवाय तापलेली नळी आपोआप कोरडी होते. ‘आधी पाणी, मग तेल’ हा ठासणीच्या बंदुकीचा जुना क्रम पुन्हा बरोबर ठरला, पण वेगळ्या कारणाने. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत क्लोरेटविरहित टोप्या निघाल्या आणि हळूहळू सगळीकडे पसरल्या. त्यामुळे आजच्या पिस्तुलाच्या नळीत पाणी ओतावे लागत नाही.

दडलेले काडतूस

गंजाचा प्रश्न असा सोपा होत गेला, पण दुसरा प्रश्न त्याच काळात कठीण झाला. स्वयंभरणाच्या पिस्तुलात, उदाहरणार्थ इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणाऱ्या ९ मि.मी. पिस्तुलात, काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडला की मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी, म्हणजे चेंबरमध्ये, जाऊन बसते. ते बाहेरून सहजी दिसत नाही. तोडेदार बंदुकीचा निखारा दहा हातांवरून दिसे, पण हे काडतूस हातात धरणाऱ्यालाही कळत नाही. डोळ्यांवर विसंबता येत नसल्याने इथे ठरलेला क्रम पाळावा लागतो.

नळी सुरक्षित दिशेला धरायची. बोट चापापासून दूर. आधी मॅगझिन काढायचे. मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर टाकायचे. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. काडतुसे उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायची. यानंतरच स्लाइड, स्प्रिंग आणि नळी वेगळी करायची.

पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल केली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना विचारा. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडेल. ते पडलेले पाहून माणूस निश्चिंत होईल. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये गेलेले असेल. त्यानंतर मॅगझिन काढले तरी पिस्तूल भरलेलेच. ‘मी रिकामे केले होते’ असे म्हणणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या अपघातांत ही चूक वारंवार आढळते. काही पिस्तुलांच्या रचनेत भाग सुटे करण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो. तिथे तपासणी चुकली तर साफसफाईच जीवघेणी ठरते. म्हणूनच लष्करात आणि पोलिसांत हत्यार रिकामे करताना नळी वाळूच्या दिशेने धरायची पद्धत आहे. माणूस चुकला तरी गोळी वाळूत जावी, इतका विचार त्यात केलेला आहे.

बाकीच्या काळज्या कोणत्याही कार्यशाळेतल्या आहेत. स्प्रिंग ताणलेली असते, म्हणून डोळ्यांवर चष्मा. टोपी आणि गोळीतल्या शिशाचे अंश मळात असतात, म्हणून हवेशीर जागा, काम चालू असताना खाणेपिणे बंद आणि शेवटी साबणाने हात धुणे. ब्रश शक्यतो चेंबरच्या बाजूने घालायचा. तेल पातळ लावायचे. जोडल्यावर, काडतूस जवळ नसताना, सर्व भाग नीट चालतात का ते तपासायचे. आणि ठासणीच्या बंदुकीत न उडालेला बार अडकला असेल तर तो घरी खणून काढायच्या भानगडीत न पडता परवानाधारक कारागिराकडे जायचे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे हत्यार बाळगायला परवाना लागतो. साफसफाईही परवानाधारकाचेच काम आहे, घरातल्या मुलांचे नव्हे.

वर्गात करून पाहा

या विषयासाठी शाळेत हत्यार आणण्याची काहीच गरज नाही. त्यातले विज्ञान खिळ्यांवर शिकवता येते. कोरे लोखंडी खिळे काचकागदाने घासून त्यांचे तीन गट करा. पहिल्या गटातले खिळे कोरडे ठेवून तेल लावा. दुसऱ्या गटातले मिठाच्या दाट पाण्यात बुडवून, वाळवून, तसेच तेलाच्या चिंधीने पुसा. तिसऱ्या गटातले मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन, पूर्ण कोरडे करून तेल लावा. तिन्ही गट महाडच्या जुलैमध्ये उघड्यावर ठेवा. कोरड्या जिल्ह्यांत ओल्या फडक्यासह झाकणबंद बरणीत ठेवा. आठवडाभर रोज नोंद करा. कोणत्या गटावर आधी डाग पडतो? तेल लावूनही का पडतो?

दुसरा उपक्रम क्रमाचा आहे. खडूच्या पेटीच्या आकाराचा खोका घ्या. त्यात एका वेळी एकच गोटी मावेल असा ‘चेंबर’ आणि त्यात वरून घरंगळत येणारी गोट्यांची नळी बसवा. चेंबर रिकामा करायला सांगा, पण गोट्यांची नळी आधी काढायची हे सांगू नका. किती मुले ‘रिकामा झाला’ म्हणून हात वर करतात आणि खोका उघडल्यावर किती जणांच्या चेंबरमध्ये गोटी निघते, ते फळ्यावर लिहा. त्यानंतर विजेचे उपकरण उघडण्यापूर्वी प्लग का काढायचा, गॅसची नळी बदलण्यापूर्वी रेग्युलेटर का बंद करायचा, हे प्रश्न मुलांपुढे ठेवा. त्यांची उत्तरे मुलांना स्वतःच देता येतील.